ओळीबाहेरचा पाट

अण्णा मास्तर पंगतीला बसले, की आधी आपला पाट ओळीतून हातभर मागे ओढून घेत. लग्न असो, मुंज असो, नाहीतर आमच्या घरची साधी चंपाषष्ठी असो, यजमानानं कितीही नीट ओळ धरलेली असली तरी हा माणूस येणार, वाकणार, पाट मागे ओढणार आणि मगच टेकणार. वाढणारीच्या जिवाला केवढा ताप! ओळीनं भराभर वाढत यावं, तर यांच्यापाशी वेगळं वळावं लागे आणि पळीतलं वरण हमखास जमिनीवर सांडे. नवीन माणसं आपसांत म्हणत, "काय हो सोवळं म्हाताऱ्याचं! कुणाचा वारा लागू देत नाही अंगाला." मी ऐकून घेई आणि मनात म्हणे, सोवळं कसलं, तुमचं डोंबल! ते कशापायी होतं हे मला ठाऊक होतं. ज्या पंगतीत त्याचं मूळ रुजलं, त्या पंगतीत मी भात वाढत होते.

लग्न होऊन मी नागपुरात, महालात आले तेव्हा अण्णांचं घर आमच्या अगदी समोर. मधली गल्ली एवढी अरुंद, की त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की शिंका आमच्याकडे. अण्णा हायस्कुलात गणित शिकवत. वैशाखातल्या उन्हात गाढवंसुद्धा सावली धरून उभी राहत, तेव्हाही हे गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालून, बगलेत मिटलेली छत्री धरून शाळेत निघायचे. छत्री उघडत का नाही विचारलं, तर म्हणत, "पावसासाठी आहे." पाऊस आला की ती घरी विसरलेली असे.

पहाटे त्यांच्या अंगणात हुशार पोरांचा वर्ग भरे. फळा नाही, खडू नाही. कडुनिंबाची काडी घ्यायची आणि सारवलेल्या जमिनीवर त्रिकोण काढायचे. राधाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, नुसता जळफळाट होई. काकूंचं माहेर उमरेडकडलं, बोलणं तिकडचंच राहिलेलं. "मी सारवून राहिली, न हे खरडून राहिले," त्या मला दारातून ओरडून सांगत. "काय वं सुशीले, तुह्या नवऱ्याले तरी असं काही याड नाही ना?"

आणखी एक वेड होतं. ओसरीच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा टांगलेला. अण्णांचा एखादा विद्यार्थी शिकायला दूर गेला, की ते काकूंच्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेत आणि त्या गावावर ठिपका लावत. रंगूनला ठिपका, आफ्रिकेत रेल्वे बांधायला गेलेल्या इंजिनियरचा ठिपका, विलायतेत बॅरिस्टरी करणाऱ्याचा ठिपका. काकू कपाळाला हात लावत. म्हणत, "नकाशाले कुंकू काहून लावता जी? त्याचं लगन लावून राहिले का?" अण्णा हसत. पोरांना रोज एकच धडा असे आणि पोरं तो पाढ्यासारखा घोकत. "हुशार माणसानं गाव सोडावं. शिकून गावात परत यावं. पोहरा विहिरीत सोडायचा तो भरून वर ओढायला, खाली ठेवायला नव्हे."

मधूसुद्धा याच अंगणात शिकला. अण्णांचा एकुलता राहिलेला मुलगा. राहिलेला म्हणते, कारण त्याच्या पाठची दोन पोरं एका आठवड्यात तापानं गेली होती. मोठा डॉक्टर सिव्हिल लाइनीत, साहेबांच्या वस्तीत. आमच्या गल्लीत कोण येतो? वैद्याच्या पुड्या संपायच्या आत पोरं संपली. तेव्हापासून काकूंच्या डोक्यात एकच. "माह्या ओसरीवर डॉक्टर बसला पायजे. मंग या गल्लीतल्या कोन्या बाईचं लेकरू असं नाही जानार."

मधूला विलायतेला डॉक्टरी शिकायला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा अण्णांचे थोरले भाऊ तात्या तणतणत आले. जातीत त्यांचा शब्द चाले. समुद्र ओलांडला की जात गेली, पोराला पंगतीत घेणार नाही, असं त्यांनी ओसरीवर उभं राहूनच सांगितलं. अण्णा शांत होते. म्हणाले, "दादा, माझ्या घरातून दोन पोरं गेली तेव्हा जात कुठं होती? आता एक जातोय तो शिकायला. जाऊ दे." मी आमच्या दारात उभी होते. असं भावाला उलटून बोललेलं तेव्हा मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

निघताना काकूंनी मधूच्या हातावर दही घातलं. शेजारच्या आळीतल्या गणूजी कोष्ट्यानं आपल्या मागावर विणलेलं लाल काठाचं उपरणं आणून दिलं. "डाक्तर होऊन या गा," म्हणाला. अण्णांनी नकाशावर लंडनला ठिपका लावला तो इतका मोठा, की सगळी विलायत लाल झाली.

मधूभाऊजी परत आले. हो, आलेच होते की! लोक विसरतात ते. भरलेला पोहरा वर आला होता. सरकारी इस्पितळात गेले तर त्यांच्याहून कमी शिकलेल्या एका कोवळ्या साहेबाच्या हाताखाली जागा देऊ केली. भाऊजी हसले आणि घरी येऊन ओसरीवर बसले. काकूंनी ओसरी चुन्यानं पांढरी करून ठेवलीच होती. पाहता पाहता गल्ली भरायला लागली. गणूजीच्या नातीचा घसा बंद झाला होता, श्वास घेता येईना. भाऊजींनी तिला रात्रंदिवस उशाशी बसून ओढून काढलं. गणूजी गल्लीभर सांगत फिरला, "डाक्तर नाही गा, देव बसून राहिला वसरीवर!" आणि काकू? काकू दारात उभ्या राहून येणारा प्रत्येक रोगी नुसता डोळे भरून बघत. त्यांना कुणाच्या दुखण्याचा आनंद झालेला नव्हता, पण चेहरा काही लपत नव्हता.

मग कुसुमचं, भाऊजींच्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं. अमरावतीचं घराणं. तात्यांनी निरोप आणला, विलायतेहून आलेल्या मुलानं प्रायश्चित्त घ्यावं, मिशा काढाव्या, पंचगव्य प्यावं, नाहीतर वरपक्ष त्याच्या पंगतीला बसणार नाही. भाऊजी म्हणाले, "मी चोरी केली का? माणसं वाचवायला शिकलो त्याचं प्रायश्चित्त मी घेणार नाही." बरोबरच बोलले. पण कुसुम आत चुलीपाशी बसून रडत होती, तिचं काय करायचं?

अण्णा दोन दिवस अंगणात काडीनं रेघा मारत आणि पुसत. तिसऱ्या दिवशी सकाळी एकदम ओरडले, "सुटलं!" मीसुद्धा पोळपाट टाकून दारात आले. त्यांनी जमिनीवर एक लांब रेघ ओढली होती आणि तिच्या टोकापासून हातभर मागे एक ठिपका. काकूंना दाखवत म्हणाले, "मधूचा पाट इथं. ओळीत म्हटलं तर ओळीत, बाहेर म्हटलं तर बाहेर. वरपक्षाचा मान राहिला, पोराचाही राहिला." चेहऱ्यावर काय आनंद! अवघड उदाहरण सोडवल्यावर वर्गात होई तसा.

काकूंनी त्या ठिपक्याकडे पाहिलं. "अवो, हे का गनित होय?" म्हणाल्या. "पोरगं हाये ते."

पण लग्न तोंडावर होतं. ऐकतो कोण!

लग्नाच्या दिवशी पंगत बसली. पानापानाभोवती रांगोळी. टोकाला, हातभर मागे, एक पाट आणि एक पान, बिनरांगोळीचं. गणूजीची आणि त्याच्या लोकांची पंगत बाहेर अंगणात, ती तर नेहमीचीच. मधूभाऊजी हातपाय धुऊन आले. मी भाताचं पातेलं घेऊन उभी. त्यांनी ओळ पाहिली, पाट पाहिला, मग वडिलांकडे पाहिलं. अण्णा उगीच हसून म्हणाले, "बैस ना." भाऊजी बसले. मला वाटलं उठतील, पान भिरकावतील, काहीतरी बोलतील. काही नाही. वडाभात झाला होता, त्यांच्या आवडीचा. तो दोनदा मागून घेतला. "वहिनी, भात छान झालाय," म्हणाले. शेवटच्या मठ्ठ्यापर्यंत ते नीट जेवले. उठताना तात्यांच्या बायकोनं मागून हळूच सांगितलं, "तेवढं पान मात्र आपलं आपण उचल हं, मधू."

त्यांनी पान उचललं, जमीन पुसली आणि हात धुतले.

महिन्याच्या आत ते परत विलायतेला निघाले. सामान बांधून दारात उभं होतं आणि बापलेक ओसरीवर. आमच्या गल्लीत कुजबुजसुद्धा ऐकू येई, हे तर बोलणं. भाऊजी म्हणाले, "अण्णा, तिथं साहेब मला शेजारी बसवून घ्यायला कां-कूं करायचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तो परका होता." एवढंच. ते ऐकून मला भडभडून आलं आणि मी आत निघून गेले. स्टेशनवर मुंबई मेलला पोहोचवायला घरचं कुणी गेलं नाही. अण्णांचे पाय उचलले नाहीत, आणि काकू दार लावून बसल्या. गणूजी गेला होता म्हणे.

ओसरी रिकामी झाली. खुशालीची पत्रं येत. अण्णा लिहीत, ये. ते लिहीत, बघतो. तिकडे त्यांचं नाव झालं, मोठ्या इस्पितळात काम मिळालं, एवढं कळत होतं.

मोठी लढाई संपली त्या साली तापाची साथ आली. तिच्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. सकाळी नळावर भेटलेलं माणूस संध्याकाळी नसे. स्मशानात लाकडं पुरेनात. वैद्य स्वतःच अंथरुणाला खिळले होते, इस्पितळात व्हरांड्यातसुद्धा जागा नव्हती. काकूंना तिसऱ्या दिवशी धाप लागली. त्यांनी हट्ट धरला, मला ओसरीवर न्या. आम्ही त्यांना ओसरीवर, त्या चुना दिलेल्या भिंतीशी निजवलं. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. त्या भ्रमात रस्त्याकडे बघत म्हणायच्या, "सुशीले, किती लोकं आले वं? मधूले सांग, आंधी त्या लेकरूवालीले पाहाय." गल्लीत काळं कुत्रं नव्हतं. दिवेलागणीला त्या गेल्या.

गणूजी लाकडं मिळवून घेऊन आला. त्याच्याही घरात दोघं गेली होती. एक तीच नात, जिचा घसा भाऊजींनी वाचवला होता. पायरीवर बसून तो म्हणाला, "मास्तर, आपले डाक्तरसाहेब तिकडं कोनाले वाचवून राहिले असतीन?"

अण्णा म्हणाले, "जो शेजारी बसवतो त्याला."

मग गणूजीनं जे विचारलं ते तो तोडून बोलला असता तरी बरं झालं असतं, पण तो अगदी साधेपणानं बोलला. "हातभर लांब बसवलं तं तुमचं पोरगं साता समुद्रापार गेलं. आमी तं जनमभर आंगनातच बसून राहिलो, मास्तर. आमी कुठी जावं?" अण्णांनी खाली मान घातली.

काकूंच्या तेराव्याला सगळे जमले. पानं मांडली. अण्णांचा पाट मधोमध होता. ते आले, त्यांनी तो उचलला, ओळीच्या टोकाला नेला आणि हातभर मागे ठेवून त्यावर बसले. तात्या म्हणाले, "हे काय रे? तू काय समुद्र ओलांडलास?"

"नाही दादा. मी प्रायश्चित्त घेतोय," अण्णा म्हणाले. "मधू ओळीत बसला, की मीही बसेन."

जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःचं पान स्वतः उचललं. तेव्हापासून प्रत्येक पंगतीत हेच. तात्या आधी चिडले, मग भ्याले, मग म्हातारे होऊन मरून गेले. अण्णांचा पाट मागेच राहिला.

अंगणातला वर्ग मात्र चालू होता. सारवायला कुणी नव्हतं, मग मीच सकाळी जाऊन सारवून येई आणि आता खरडण्याबद्दल कुरकुर करायची पाळी माझी होती. त्रिकोण तेच, काडी तीच, पण धड्यातलं पहिलंच वाक्य उरलं होतं. हुशार माणसानं गाव सोडावं. नकाशावर ठिपकेही लागत नव्हते, घरात कुंकू नव्हतं. गल्लीतला एक पोरगा रंगाचं रसायन शिकायला जर्मनीला निघाला. पाया पडायला आला आणि म्हणाला, "अण्णा, पुढचं वाक्य राहिलं. परत यावं."

"ते मी तुला सांगून काय उपयोग?" अण्णा म्हणाले. "ते तुझ्या बापाला सांगायला पाहिजे."

आणि खरंच त्या संध्याकाळी कोट चढवून, छत्री घेऊन ते त्याच्या बापाकडे गेले. हा नवीनच नाद लागला होता त्यांना. ज्याचं पोरगं बाहेर जाई त्याच्या घरी जायचं आणि हात धरून सांगायचं, "आल्यावर त्याला आपल्या मांडीला मांडी लावून बसवा. बाकी काही करू नका." लोक चहा पाजत आणि पाठ वळली की हसत. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, म्हणत. मला मेल्यांचा असा संताप येई! ती पोरं गेली ती गेलीच. कुणी तिकडे घर केलं, कुणी आलं ते मुंबईलाच थांबलं. नागपुरापर्यंत कुणी पोहोचलं नाही. आमच्या गल्लीत दुखणं आलं, की अजूनही सिव्हिल लाइनीकडे तोंड करून वाट बघायची.

माझ्या मुलाच्या मुंजीला अण्णा शेवटचे जेवायला आले. काठीवर आले. आमच्या ह्यांनी मुद्दाम त्यांचा पाट ओळीच्या मधे मांडला होता आणि मला बजावलं होतं, आज हलवू द्यायचा नाही. अण्णा पाटापाशी आले, वाकले, पण पाट काही उचलेना. हात लटपटत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तेवढा मागे घे."

मला रडू फुटलं आणि रागही आला. "किती दिवस हा छळ, अण्णा? कुणी बघतंय का तिकडे विलायतेत?"

"बघायला कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "तो येईल तेव्हा जागा धरून ठेवलेली बरी."

मी पाट टोकाला नेला आणि हातभर मागे ठेवला. ते टेकले. पानातला भात त्यांनी चिमणीएवढा खाल्ला आणि मग काठी टेकत, आपलं पान आपल्याच हातात धरून, अंगणातून गणूजीच्या पंगतीशेजारून हळूहळू बाहेर गेले. गणूजी जेवता जेवता उठून उभा राहिला. तेच मी अण्णांना शेवटचं चालताना पाहिलं. पुढे ते अंथरुणालाच लागले.

आजाराची तार गेली तेव्हा मधूभाऊजी लगेच निघाले. पण बोट ती बोट. ते नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा अण्णांचं तेरावंही होऊन गेलं होतं. अग्नी तात्यांच्या मुलानं दिला होता. भाऊजींचे केस पांढरे झाले होते, मराठी बोलताना शब्द शोधावा लागत होता. पहिल्या मासिक श्राद्धाला थांबले. प्रायश्चित्ताचं तर आता कुणी नावही काढलं नाही. तात्यांची मुलंच पुढे होऊन म्हणाली, दादा तुम्ही मधे बसा. वर्षानुवर्षं अण्णा ज्याची वाट बघत होते तो पाट आज मांडला गेला, ओळीच्या अगदी मधोमध. श्राद्धाला रांगोळी नसतेच, त्यामुळे सगळी पानं सारखी होती. मी भाताचं पातेलं घेऊन उभी होते आणि माझं मन भरून आलं होतं. म्हटलं, अण्णा, बघा, बसतोय तुमचा मधू.

भाऊजी आले. त्यांनी ओळ पाहिली. वाकून पाट उचलला, टोकाला नेला, हातभर मागे ठेवला आणि त्यावर बसले. रागानं नाही हो. अगदी सहज, जसं आपल्या घरात आपली जागा ठाऊक असते तसं.

सगळी पंगत थिजली. कुणाचा हात पानाला लागेना. दारापाशी गणूजी बसला होता, त्यानं तोंडात उपरण्याचा बोळा धरला. भाऊजींनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "काय झालं, वहिनी? चुकलं का माझं? माझं पान इथंच असतं ना?"

मी पातेलं खाली ठेवलं आणि सांगितलं. तुम्ही गेल्यापासून नव्हे, काकू गेल्यापासून, या गावातल्या प्रत्येक पंगतीत अण्णा इथं बसले. तुम्ही ओळीत बसलात की ते बसणार होते.

ते पाटाची कड हातानं चाचपत राहिले. तात्यांचा मुलगा उठून म्हणाला, "दादा, या ना इकडे, मधे या." भाऊजींनी मान हलवली.

"आता काय," ते म्हणाले. "वाढा वहिनी, भात."

मी वाढला. पुढच्या आठवड्यात ते मेलनं गेले आणि मग आले नाहीत.